विमानाच्या वहीवरचा साथिया

आमच्या घरातल्या लोखंडी पेटीत एका विमानाच्या वह्या असायच्या. पेटी मी माहेराहून आणलेली. माझा लग्नातला शालू त्या वह्यांपायी गाठोड्यात बांधून खुंटीला टांगला होता, आणि त्याबद्दल सासूबाई मला चिडवायच्या की तुझ्या घरी विमान पेटीत झोपतं आणि शालू भिंतीला लटकतो.

विमान म्हणजे प्रवाशांचं नव्हे. कपाशीवर औषध फवारायचं, एकच माणूस बसेल एवढं, पिवळ्या रंगाचं. श्रावणात ते जळगावच्या धावपट्टीवर असायचं आणि पुढे दसरा-दिवाळीपर्यंत धुळ्याला. धुळ्याच्या धावपट्टीच्या कडेला कंपनीच्या दोन खोल्या होत्या, त्यात आम्ही राहायचो. हे विमानाची देखभाल करायचे. आसपासचे लोक यांना मेकॅनिक म्हणत. कागदोपत्री हे इंजिनियर होते, कारण यांच्याकडे सरकारी लायसन होतं, आणि यांनी सही केल्याशिवाय विमान जमीन सोडू शकत नव्हतं. आधी एक वयस्कर इंजिनियर सह्या करायचे, हे त्यांच्या हाताखाली. ते निवृत्त होऊन आपल्या मुलखात गेले. मग यांनी परीक्षा दिली. लेखी पास व्हायचे आणि तोंडी परीक्षेत मुंबईच्या साहेबांपुढे घसा कोरडा पडून नापास व्हायचे. शेवटी ज्या वर्षी लायसन मिळालं, त्याच वर्षीची ही गोष्ट.

माझं माहेर एरंडोलजवळचं. गावात शाळा चौथीपर्यंतच होती, म्हणून मी चौथी शिकलेली. आम्ही दोघं अहिराणीत वाढलेलो, पण लग्नानंतर हे माझ्याशी शहरातल्यासारखं बोलायचे, म्हणजे मला सवय व्हावी. मला चारचौघांत बोलणं आजही जमत नाही. लिहायला मात्र लाज वाटत नाही, कारण लिहिताना कोणी बघत नसतं.

वह्या घरी ठेवण्याचं कारण वाळवी. विमानाच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी टेबल होतं, ते आतून पोखरलेलं, आणि पावसात छत गळायचं. यांनी मॅनेजरांकडे लोखंडी कपाट मागितलं होतं. मॅनेजर दर वेळी म्हणायचे, हंगाम संपू द्या. तोवर वह्या माझ्या पेटीत, कडुनिंबाचा पाला घालून.

संध्याकाळी हे घरी आले की आधी रॉकेलने हात पुसायचे, मग साबणाने धुवायचे, मग नखं बघायचे. वहीवर तेलाचा डाग पडलेला यांना चालत नसे. दिवसभराचं काम एका चुरगळलेल्या कागदावर टिपलेलं असायचं. त्या कागदावरचे आकडे मी वाचून दाखवायची आणि हे पाटावर वही ठेवून शाईच्या पेनाने सगळं उतरवायचे. अक्षरं इंग्रजी, ती मला येत नव्हती. पण आकडे मी शिकले होते. विमान किती तास उडालं, कुठला भाग कधी बदलला, सगळं आकड्यांतच असायचं. माझा आवाज बारीक. हे म्हणायचे, "अगं, इतकं हळू वाचतेस. शेजारी इंजिन चालू असतं तर मला काय ऐकू आलं असतं?"

मी म्हणायची, "इंजिन चालू असतं तर मी घरात असते."

त्या वहीचे नियम यांनी मला समजावून सांगितले होते. खोडायचं नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं, आणि शेजारी सही करायची. पान फाडायचं नाही, पानांना छापील नंबर असतात. आणि जे काम वहीत वाचता येत नाही, ते झालेलंच नाही असं धरायचं. मला हे फार कडक वाटायचं. आमच्या घरी शेतीचा हिशोब माझे वडील डोक्यात ठेवायचे, आणि चुकला तर आई तो बरोबर करून द्यायची.

त्या वर्षी दसऱ्याला सासूबाई आल्या होत्या. त्यांचं गाव पारोळ्याकडे. त्यांना सगळे अक्का म्हणत, आम्हीही. अक्कांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आपला मुलगा विमान दुरुस्त करतो याचं त्यांना कौतुक होतं आणि थोडा संशयही होता, कारण तो कामावरून आला की वहीत लिहीत बसायचा. त्या मला हळूच म्हणाल्या होत्या, "इमान कव्हय दुरुस्त करस हाऊ? मी दखस तव्हय लिखतच बसेल ऱ्हास." म्हणजे, मी बघते तेव्हा हा लिहीतच बसलेला असतो. हे विमान दुरुस्त कधी करतात, हा प्रश्न त्यांना खरंच पडला असावा. मी त्यांना सांगितलं की ही वही बंद पडली तर विमान बंद पडेल आणि यांची नोकरीही. त्यांनी ते मनात धरून ठेवलं.

दसऱ्याच्या सकाळी हे शेडमध्ये गेले. विमान धुऊन, झेंडूची माळ घालून, चाकापुढे नारळ फोडायचा होता. मी चुलीपाशी पुरण शिजवत होते. अक्का आंघोळ करून पूजेला बसल्या. पाटावर यांच्या जुन्या पान्यांची जोडी मांडली, घरातला विळा मांडला. मग त्यांनी पेटी उघडून वही आणली.

पारोळ्याला अडत्याच्या दुकानात त्यांनी दिवाळीची वहीपूजा लहानपणापासून पाहिली होती. अडत्या वही उघडतो, ओल्या कुंकवाने साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढतो, वर अक्षता टाकतो. ज्या वहीवर घर चालतं तिची पूजा त्याच रीतीने व्हायला हवी, असं त्यांच्या मनाने घेतलं. अडत्याची वही कोरी असते एवढंच त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. त्यांनी शेवटचं लिहिलेलं पान उघडलं, कुंकू वाटीत पाण्याने कालवलं, आणि पानाच्या मधोमध चांगला तळहाताएवढा साथिया काढला.

मी पदराला हात पुसत आले तेव्हा त्या डोकं टेकवून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "ये वं, पाया पड. जी वहीवर घर चालस तिनी पूजा नही करी ते कसाना दसरा?"

कुंकवाचं पाणी शाईत उतरत होतं. निळी अक्षरं फुगून जांभळी होत होती. मी पाया पडले, कारण दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही. मग अक्षता झटकून वही उचलली आणि सावलीत, वारा लागेल अशी, उघडी ठेवली. अक्कांना वाटलं मी ती दर्शनाला ठेवली आहे.

हे दुपारी आले. हातात आपट्याची पानं. अक्कांना सोनं देऊन पाया पडले, त्यांनी यांच्या तोंडावरून हात फिरवला. मग यांना वही दिसली. हे जवळ गेले, वाकून बघितलं, आणि पुन्हा बघितलं. अक्का मागून म्हणाल्या, "मी करी पूजा. झकास व्हयनी नं?"

"व्हयनी, अक्का," हे म्हणाले. "जेवाले वाढा."

जेवताना हे नेहमीसारखे बोलत होते. पण पुरणपोळी यांनी एकच खाल्ली, आणि अक्कांनी दुसरी वाढली तेव्हा ती ताटात तशीच राहिली.

अक्का दुपारच्या आडव्या झाल्यावर मी ओट्यावर जाऊन विचारलं, "काय लिहिलं होतं त्या पानावर?"

"पंखा उतरवून तपासला, परत बसवला, बोल्ट मापाने आवळले, तारा ओवल्या. काल केलेलं काम." पंखा म्हणजे विमानाच्या तोंडाशी फिरतो तो.

"केलंय ना मग तुम्ही."

"मी म्हणतो केलंय. वही म्हणत नाही." हे म्हणाले, "आणि नेमके साहेब येणार आहेत."

विमान उडण्यालायक आहे असा सरकारी दाखला असतो, त्याची मुदत संपत आली होती. तो वाढवून द्यायला मुंबईहून विमानखात्याचे साहेब यायचे होते. ते आधी वही बघतात, मग विमान. वहीत खाडाखोड किंवा लपवालपवी दिसली तर लायसन काढून घेऊ शकतात. यांच्या लायसनवरची शाई अजून नवी होती. आमच्याकडे दुसरं काही नव्हतं. शेत दिराकडे होतं, आणि त्यात दोन घरं निघतील एवढं ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर स्कूटरवर आले. हे त्यांना ओट्यावरच भेटले, मी दाराआड होते. मॅनेजर वाईट माणूस नव्हते, पण त्यांना सगळ्याची घाई असायची. बोंडअळी पडली होती, गावोगावचे शेतकरी फवारणीसाठी खोळंबले होते. यांनी त्यांना पान दाखवलं आणि सांगितलं की आज विमान उडणार नाही, पंखा परत खोलून सगळं पहिल्यापासून करतो.

"अहो, कालपरवाच बसवलाय ना तुम्ही? तुमचा तुमच्यावर विश्वास नाही का?"

"विश्वासाचं नाही. पानावर वाचता येत नाही."

"मग कोरी वही आहे माझ्या कपाटात. बसा आणि सगळं सुबक उतरवून काढा. जुनी गेली म्हणायचं."

"सुरुवातीच्या पानांवरच्या सगळ्या सह्या आधीच्या इंजिनियरांच्या आहेत. त्या मी कशा करू?"

"उंदराने पान खाल्लं म्हणा."

"उंदीर कुंकू लावून खात नाही."

मॅनेजर हसले नाहीत. म्हणाले, "असं खरंखुरं लिहायला जाल आणि लायसन घालवून बसाल. माझं काय जातंय? मला दुसरा इंजिनियर मिळेल."

आमचे पायलट तेवढ्यात आले होते. उंच, बारीक, सदा पान खाणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मॅनेजरांना म्हणाले, "करू द्या त्याला. वर मी जातो. तुम्ही स्कूटरवर असता."

त्या दिवशी पंखा पुन्हा उतरला. दुपारी मी डबा घेऊन शेडमध्ये गेले. पायलट पंखा धरून उभे होते आणि हे लांब पान्याने एकेक बोल्ट आवळत होते. पान्यावर काटा होता, तो मापावर आला की थांबायचं. मग बोल्टांच्या भोकांतून बारीक तार ओवून तिला पीळ घालायचा, म्हणजे बोल्ट सैल होत नाही. हे पीळ घालताना मला वाटलं की माझी वेणी घालायला यांना सांगितलं तर हे छान घालतील. तसं मी म्हणाले नाही. पायलट तिथे होते.

काही बिघाड निघाला नाही. सगळं आधी होतं तसंच नीट होतं. मला त्याचं थोडं वाईट वाटलं, एवढा दिवस गेला म्हणून. हे मात्र खुशीत होते.

अक्कांना यातलं काही माहीत नव्हतं. परवाच बसवलेलं आज पुन्हा का खोललं, असं त्यांनी विचारलं तेव्हा हे म्हणाले, तपासून घेतो. त्यांना ते पटलंही असतं. पण मॅनेजर पुन्हा आले, आणि जाता जाता ओट्यावर बसलेल्या अक्कांना म्हणाले, "आजीबाई, तुमच्या पूजेने आमचं विमान जमिनीवर बसलं बरं का."

अक्कांनी यांना विचारलं, "नाना, हाऊ मानूस काय बोलस?" त्या यांना नाना म्हणत. यांना सांगावं लागलं. हलकं करून सांगितलं, तरी अक्कांना कळायचं ते कळलं. त्यांनी आत जाऊन पिशवीत लुगडी भरायला सुरुवात केली. "मी जास गावले."

हे दारात उभे राहिले. "अक्का, तुना काही गुन्हा नही. वही घर मी आणी."

"तुनी भाकर गयी मनामुळे."

"अजून कोठे गयी?"

मी पिशवीतली लुगडी एकेक काढून पुन्हा दोरीवर टाकली. अक्कांनी ती परत पिशवीत भरली नाहीत. रात्री त्या जेवल्या नाहीत, पण सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "साहेबले मीच सांगसू."

यांनी वहीत त्या पानाच्या खाली जे लिहिलं ते मला मराठीत वाचून दाखवलं होतं. दसऱ्याच्या दिवशी घरी पूजेच्या वेळी कुटुंबातल्या एका वृद्ध स्त्रीने या पानावर कुंकू लावले. त्यामुळे वरची नोंद वाचता येत नाही. सबब पंख्याचे काम पुन्हा पूर्ण केले. तारीख, लायसन नंबर, सही. मी विचारलं, कुंकू कशाला लिहिलंत, डाग पडला एवढं लिहायचं. हे म्हणाले, "लाल डाग म्हटलं की ते विचारतील कसला. मग तोंडी सांगावं लागेल. तोंडी परीक्षेत मी कसा आहे ते तुला माहीत आहे."

साहेब जीपने आले. ठेंगणे, चष्मा, हिंदी बोलणारे. शेडमध्ये खुर्ची टाकली होती. मी चहा घेऊन गेले आणि पत्र्याच्या दाराशीच थांबले. अक्का माझ्यामागून आल्या. नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन. मॅनेजर एका बाजूला उभे होते, त्यांनी अक्कांना पाहून मान फिरवली.

साहेबांनी वही पहिल्या पानापासून चाळली. त्या पानावर ते थांबले. बोट ठेवून खालचं वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. यांचे हात पाठीमागे होते. मला मागून दिसत होतं की एका हाताने दुसऱ्या हाताचा अंगठा घट्ट धरला आहे.

"ये वृद्ध स्त्री कौन है?"

यांनी तोंड उघडलं, पण आवाज निघेपर्यंत अक्का माझ्या बाजूने पुढे गेल्या. "मी शे ती. मी करं."

साहेबांना शब्द कळले नसतील, पण अक्का हात जोडून उभ्या होत्या. त्यांनी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "मेरी माँ हैं, सर."

"इन्होंने पढ़ा नहीं, क्या लिखा है?"

हे अक्कांना सांगायच्या आत त्याच म्हणाल्या, "माले वाचता नही ये. पन घर येनावर चालस, इतलं समजस."

"क्या बोल रही हैं?"

हे जरा घुटमळले. मग जसंच्या तसं हिंदीत सांगितलं, की त्यांना वाचता येत नाही, पण घर या वहीवर चालतं एवढं समजतं. साहेबांनी वही मिटली आणि म्हणाले, "चलिये, पंखा दिखाइये."

ते स्वतः स्टुलावर चढले. तारांचा पीळ बोटाने चाचपला, आरशाचा तुकडा घेऊन मागून बघितलं, पान्याचा काटा कधी तपासून घेतला त्याचा कागद मागितला. हे एकेक दाखवत होते. वस्तू हातात असली की यांचा आवाज नीट निघतो, हे मला त्या दिवशी कळलं. पायलट पान चघळत उभे होते, मध्येच म्हणाले, "मैं दो बार उड़ा चुका, साहब. अभी तक ज़िंदा हूँ." साहेब म्हणाले, तुम्ही ज़िंदा आहात ते वहीत लिहिलेलं नाही. तेव्हा मॅनेजरसुद्धा हसले.

मग वह्या कुठे ठेवता असं विचारलं. हे म्हणाले घरी. साहेब आमच्या खोलीत आले. मला पेटी उघडून दाखवायला सांगितलं. मी उघडली. त्यांनी कडुनिंबाचा पाला उचलून वास घेतला, परत ठेवला, आणि मॅनेजरांकडे वळून बऱ्याच मोठ्या आवाजात बोलले. मी तोवर कोणी मॅनेजरांना रागावलेलं पाहिलं नव्हतं. महिन्याच्या आत शेडमध्ये लोखंडी कपाट पाहिजे, किल्ली इंजिनियरकडे पाहिजे, आणि विमानाची वही कुठल्याही घरात, कितीही स्वच्छ असलं तरी, जाता कामा नये. ते त्यांनी लिहूनही दिलं.

यांना ते एवढंच म्हणाले की खाली केलेली नोंद बरोबर आहे, आणि पुढच्या वेळी पूजा वहीच्या पुठ्ठ्याची करावी. मग वहीत सही केली. दाखला वाढला. लायसन यांच्याकडेच राहिलं. साहेबांची जीप धूळ उडवत गेली तरी हे बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे होते. घरात आल्यावर पाटावर बसले आणि भाकरी मागितली. दिवस मावळायचा होता, जेवायची वेळ नव्हती.

अक्का समोर बसून यांच्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "साहेबनी वाचं ते काय लिखेल शे? माले सांग."

यांनी सांगितलं. अक्का ऐकता ऐकता ताठ झाल्या.

"वृद्ध स्त्री? म्हंजे म्हतारी?"

"तसंच लिखतस, अक्का."

"मी तुनी माय शे. माय काब्रं नही लिखं? कोनी रस्तानी बाई येईसन कुंकू लाई गयी, आसं लिखं तू."

"तुना नाव येवाले नको म्हनीसन."

"मना नावले काय व्हयनं? मी काय चोरी करी? खोडी टाक ते. माय लिख."

हे भाकरीचा घास हातात धरून माझ्याकडे बघायला लागले. त्या वहीत खोडता येत नाही हे आम्ही दोघं सांगत राहिलो. अक्कांचं म्हणणं असं की एवढा मोठा साथिया पडला तो चालला, आणि एक शब्द बदलता येत नाही, हा कुठला कायदा. त्यांचा रुसवा दिवाळीपर्यंत टिकला.

दिवाळीला आम्ही गावी गेलो. कपाशीची वेचणी चालू होती. शेजारच्या बाया ओसरीत बसल्या होत्या आणि अक्का त्यांना सांगत होत्या की मुंबईचे साहेब आले, त्यांनी वही उघडली, आणि वहीत त्यांचं नाव वाचून त्यांना पुढे बोलावलं. "सरकारनी वहीमा मना नाव शे. इमाननी वहीमा." एकीने विचारलं, खरंच नाव आहे का हो, भाऊ? हे कोपऱ्यात जेवत होते. यांनी ताटातून मान वर न करता हुंकार दिला, आणि मला आणखी भाजी वाढायला सांगितलं.